नाभीपासून दोन बोटे

रविवार, २७ एप्रिल २०२५
आज सकाळी अमरावतीच्या बसने नेर येथे सुखरूप पोहोचलो. नाशिकच्या सहकारी बँकेतून मुदतपूर्व निवृत्ती घेतल्यावर, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी नव्या नोकरीचा असा उत्साह वाटेल ही अपेक्षा नव्हती. शंकरसिंग यांनी येथे शस्त्रक्रियेविना चरबी कमी करण्याचे केंद्र काढले आहे. मी त्याचा व्यवस्थापक. राहण्याची खोली केंद्राच्या वरच आहे, कूलरही आहे. फेब्रुवारीत माझ्या नाभीजवळच्या हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन आत जाळी बसवली आहे. वजन उचलणे वर्ज्य, त्यामुळे पेटी स्वतः शंकरसिंगांनी वर नेली आणि कागदं लिहिणाऱ्या मानसाची पेटी एवढी भारी कायले, म्हणून हसले. पत्नी वर्षा मेअखेरीस येईल. तिच्यासाठी खिडकीत तुळस ठेवायची आहे.

मंगळवार, २९ एप्रिल
यवतमाळहून दर शनिवारी येणाऱ्या डॉ. निशिगंधा आज मुद्दाम आल्या आणि त्यांनी यंत्र समजावून दिले. यंत्राचा कप पोटावर लावतात. तो मांस आत ओढून घेतो व गोठवतो. गोठलेली चरबी पुढे हळूहळू विरते. तेथील कातडी काही आठवडे बधिर राहते. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना निदान सहा महिने हात लावायचा नाही, हर्निया असलेल्यांना मुळीच नाही, आणि मुदत संपल्यावरही शल्यविशारदाने पोट तपासल्याशिवाय नाही. जखम बाहेरून भरली तरी आतली भिंत सावकाश भरते. वरची कातडीच बधिर असली, तर आतले काही सुटले हे कळणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न मला फार आवडला. नियम सुवाच्य अक्षरांत लिहून दारावर लावला.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय तृतीया
आज उद्घाटन झाले. घरोघर पितरांच्या नावे नवी घागर भरलेली. आमच्याही दाराशी शंकरसिंगांच्या आईने एक ठेवली. पहिल्या ग्राहक बेबीताई, चौकातल्या कापड दुकानाच्या मालकीण. पित्ताशयाची शस्त्रक्रिया मागच्याच महिन्यात झालेली. मी नियम दाखवून त्यांना नम्रपणे परत पाठवले. त्या जाता जाता सर्वांदेखत म्हणाल्या, "बोहनीच्या टायमाले मले वापस करून राह्यले साहेब! मंग तुमचंच पोट घाला त्या मशीनीत."

सगळे हसले. शंकरसिंग हसले नाहीत. बोहनीचे गिऱ्हाईक परत जाणे म्हणजे या बाजारात दुकानाने स्वतःच कुलूप लावून घेणे. त्यांची आई तर डोळ्यांना पदर लावून बसली. मुहूर्त टळत होता आणि दुसरे कोणी येईना. शेवटी मीच शुल्क भरून पावती घेतली आणि खुर्चीवर आडवा झालो. यंत्र चालवणाऱ्या ममताने दोनदा विचारले, साहेब, तुमच्या ऑपरेशनचं काय? मी तिला व्रणापासून दोन बोटे अंतर मोजून दाखवले. दोन बोटे पुरेशी आहेत, असे मी ठामपणे सांगितले. कशाच्या आधारावर सांगितले, ते आठवत नाही.

कप निघाला तेव्हा मांस लोण्याच्या विटेसारखे उभे होते. ममताने ते चोळून बसवले. बोहनी झाली, पेढे वाटले.

शनिवार, ३ मे
जागा बधिर आहे. हे अपेक्षितच. मात्र ती गार आहे. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झाले आहे, अंगाला कपडा सोसवत नाही, आणि पोटावरचा तो चौकोन घागरीसारखा गार. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी सदऱ्याखाली दोन बनियन घातले आणि हिशेब दाखवण्यात वेळ काढला. दारावरचा नियम माझ्याच अक्षरात आहे; त्यांना काय सांगणार होतो?

गुरुवार, ८ मे
जागेला कडा आल्या आहेत. कोपरे गोलाकार, बाजू सरळ. हुबेहूब कपाचा आकार. तो विरायचा होता, वाढतो आहे. ममताला दाखवले. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाली, त्या दिवशी चोळताना आतून कोणी उलटं ओढून राह्यलं असं वाटलं होतं. पुढच्या दोन शनिवारी डॉक्टरीणबाई रजेवर आहेत, हे ऐकून मला हायसे वाटले. त्याची आज लाज वाटते.

मंगळवार, १३ मे
बेबीताई आपली सहा महिन्यांची मुदत कधी संपते ते विचारायला आल्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. "साहेब, सदऱ्याले पाणी कायचं लागलं?" सदरा भिजला होता; फक्त तेवढा चौकोन. घाम नव्हे. पाणी, थेंबाथेंबाने, घागरीला सुटते तसे. पाण्याचा पेला माझ्या हाती देताना त्यांचे बोट माझ्या गार हाताला लागले. टोमणा मारला नाही. देवाचे नाव घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी अंतर मोजले. व्रणापासून एक बोट.

शुक्रवार, १६ मे
मी हललो नाही. जागा सरकली आहे. व्रण आता तिच्या आत आहे.

आज जेवल्यानंतर ती हलली. दुखले नाही. दुखले असते तर बरे होते. कातडीखालून काहीतरी सावकाश वळले आणि पुन्हा निवांत झाले. हे माझे आतडे असावे. असावे, असेच लिहितो आहे, कारण ते श्वासाबरोबर हलत नाही. त्याची लय यंत्राची आहे — ओढ, थांब, ओढ. यंत्र खाली बंद आहे. मी वायर काढून पाहिली.

शनिवार, १७ मे
वर्षाचा फोन. तिला नीट आहे म्हणालो. काल फुगवटा होता. आज खळगा आहे. कातडी आत चालली आहे — व्रणातून —

रविवार, १८ मे. दुपार
रस्त्यावर चिटपाखरू नाही. अखेर डॉक्टरीणबाईंना फोन करून सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांचा आवाज मात्र बदलला. ताबडतोब यवतमाळला या, काही खाऊ नका, आणि हाताने दाबू नका, मुळीच दाबू नका. शंकरसिंग बाभुळगावहून गाडी घेऊन निघाले आहेत.

फोन मेजावर चार्जिंगला लावला. खाटेवर बसून हे लिहितो आहे, त्यांना सर्व क्रमाने देता यावे म्हणून. आजचे अंतर तेवढे राहिले. दाबायचे नाही, फक्त मोजायचे —

डावी दोन बोटे ठेवली.

दाबली नाहीत. ती गेली.

निघत नाहीत. आत गार आहे, फार गार — ओढ, थांब — मनगट. फोन तिकडे मेजावर. खाट सरकत नाही.

बेबीताईंना सांगावे. सहा महिने. बोहनी असली तरी —

खाली हॉर्न. शंकरसिंग हाक मारताहेत. ओ द्यायला श्वास घेतो आहे, पण तोही खालीच — आतच ओढला जा