मागच्या खोलीचा फोटो

३ एप्रिल
संस्थेचं पत्र आलं. भेटीला परवानगी! चार वर्षं जिच्या शाळेचा खर्च मी संस्थेमार्फत पाठवतोय ती मुलगी आता दहा वर्षांची. घर डोंगरात, रस्ता संपल्यावर पाच तास चाल. ही म्हणाली, तुम्हाला कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर लागते. दुर्लक्ष केलं. संकल्प: ऑफिसचे पाच मजले रोज जिन्याने.

४ एप्रिल
दोन मजले. लिफ्ट रिकामीच वर चालली होती. बरं दिसेना.

९ एप्रिल
संस्थेचे नियम आले. अकरा पानं. आश्वासनं देऊ नयेत, घरचे फोटो पाठवू नयेत वगैरे. नियम कोरड्या माणसांसाठी असतात. मी तर गेल्या पत्रातच मागच्या खोलीचा फोटो घातला होता. पलंग, टेबल, पिवळा पडदा. खाली लिहिलं, ही खोली तुझीच समज. याला आश्वासन नाही, आपुलकी म्हणतात. फ्रॉकसाठी मापंही मागवली. ही तेव्हाच म्हणाली होती, असलं काही लिहू नका. मी म्हटलं, तुला काय कळतंय मुलांमधलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, खोली तेवढीच वर्षं रिकामी. हे बोलायला नको होतं. माफी मागायची राहिली.

२१ एप्रिल, दुपारी
चढण. सोबत संस्थेच्या कार्यकर्त्या बाई; तिथली भाषा त्यांनाच येते. पहिला तास मी पुढे. दुसऱ्या तासात बाईंना मोकळेपणाने चालता यावं म्हणून मागे राहिलो. तिसऱ्या तासात माझी सॅक बाईंच्या पाठीवर. फार आग्रह केला त्यांनी.

संध्याकाळी
पोचलो. एकच खोली, मातीची जमीन. भिंतीवर आमच्या खोलीचा फोटो! मुलीचे केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर गेलेल्या. घरातही पायात नवी कोरी चप्पल. मला बघताच आईच्या डोळ्यांना धार लागली. बाप बाहेर लाकडं फोडत बसला. ढीगभर फोडलेली समोर होती, तरी. शेजारणी एकेक करून आल्या, मुलीच्या गालांवरून हात फिरवून रडत गेल्या. मी काही एवढं केलेलं नाही. संकल्प: हुरळून जायचं नाही.

२२ एप्रिल, सकाळी
मुलगी नजर वर करत नाही. लाजाळू आहे, माझ्यासारखीच. तयार करून आणलेलं भाषण केलं. वीस मिनिटांचं बाईंनी तीन वाक्यांत उरकलं. मग बाई पाणी आणायला गेल्या, तेव्हा आई माझ्याशी एकटीच बोलत राहिली. एक अक्षर कळलं नाही. प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावली. ती आणखीच रडली. माझ्या नुसत्या असण्यातच काहीतरी आहे.

दुपारी
बाईंनी आईला पुन्हा बोलतं केलं आणि मला सांगितलं. आई म्हणत होती, पोर अंधाराला भिते, दिवा ठेवा. रुसली की जेवत नाही, मागे लागू नका, आपणहून येते. वर्षातून एकदा तरी दाखवायला आणा.

दाराशी गाठोडं होतं. दोन कपडे, कंगवा, वह्या. मी ते माझ्यासाठी भेट समजत होतो.

आधी खोलीचा फोटो, मग मापं, मग माणूस स्वतःच हजर. त्यांना दुसरं काय वाटणार? बाप तयार नव्हता. पोर शिकेल, पोटभर खाईल म्हणून आईने महिनाभर त्याला समजावलं होतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणायचं होतं, एवढंच. लगेच म्हटलं नाही. किती वेळ गप्प होतो ते इथेही लिहिणार नाही. शेवटी म्हटलं, सांगा त्यांना, फक्त भेटायला आलोय.

बाईंनी सांगितलं. मुलीने चपला पायातून भिरकावल्या, मोठ्याने हसली, हसतच बापाकडे धावली. आई मटकन खाली बसली. मी गाठोडं सोडायला गेलो. गाठ सुटेना.

२५ एप्रिल
घरी. पाय सुजलेत. हिने गरम पाण्याचं घमेलं आणून दिलं आणि शेजारी बसली. तुम्हाला बघून हसली का हो पोरगी, म्हणाली. म्हटलं, हसली. खूप हसली. हिला फार बरं वाटलं. कधी हसली ते हिने विचारलं नाही.

मग मला रडूच फुटलं. ही म्हणाली, फार दुखतायत का पाय? म्हटलं, हो.