आईचा राहिलेला दिवस

आई, मागच्या रविवारी कापणीच्या सणाचा लिलाव संपला, मांडवात जेवणाच्या पंगती बसत होत्या, आणि तुझ्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी आपली काठी माझ्या चपलेवर टेकवून मला थांबवलं. म्हणाल्या, "तुह्या मायचा एक दिवस माह्याजवळ राह्यला हाय." माझं सगळं बदललं ते त्या घडीला. तोवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि तिचा दिवस ठरलेला होता. त्या काठीखाली माझं पाऊल अडकलं ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

लिलावाची मला आधीपासून चीड. वर्धेच्या आपल्या चर्चमध्ये दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी लोक शेतातलं पहिलं पीक घेऊन येतात. कोणी कोहळं, कोणी सीताफळं, कोणी ओढणीत बांधलेला कापूस, कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की टेबलावर सगळं मांडून लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. आपल्याला शेत नव्हतं. बाबांचा ऑटो पवनार ते वर्धा पळायचा, तू दवाखान्यात आया. म्हणून तू दरवर्षी काय ठेवायचीस, तर स्वतःचा एक दिवस. जो बोली लावेल त्याच्याकडे त्या दिवशी जाऊन तो सांगेल ते काम करायचीस. मी सातवीत होतो तेव्हाचं चित्र अजून तसंच आहे. तू निळ्या काठाच्या साडीत टेबलाच्या बाजूला उभी आहेस, पुकारणारे काका तुझ्याकडे हात करून म्हणतात, "आता हा दिवस पाहा मंडळी. ताजा हाय, देठासकट." सगळा मांडव हसतो. तूही हसतेस. माझे कान भाजतात.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात चप्पल भिंतीवर फेकली होती. तू ज्वारीचं पीठ चाळत होतीस. मी म्हणालो, "तुले लाज नाई वाटत? कोंबडीसारखी उभी राह्यते अन् लोक बोली लावते." मला वाटलं, आता पडते पाठीत. तू चाळणी खाली ठेवलीस, पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "लोकायनं कोहळं आनलं, थे चार-दोन दिवस टिकते. माहा दिवस त सांजच्यालेच संपते. थो मी कोनाले देल्लाच नाई त त्याचं काय लोनचं घालू?" मी म्हणालो, आपल्यासाठी ठेव. तू म्हणालीस, "आपला हाय कुठी थो? त्यानं देल्ला म्हनून हाय. अन् उद्याचा त अजून त्याच्याच मुठीत हाय." मग हात धुतलेस, ती चप्पल उचलून आणलीस आणि मला घालायला लावलीस. "चप्पल फेकाची नाई. बापानं आनली."

संध्याकाळी कामावरून आल्यावर तू उंबऱ्यात पाय पसरून बसायचीस. धाम नदीकडून वारा यायचा, आश्रमाच्या बाजूची झाडं काळी व्हायची, आणि तुझा तो रोजचा प्रश्न यायचा. "आजचा कोनाले देल्ला?" मी सांगायचो, क्रिकेटले. "मंग क्रिकेटनं तुले काय देल्लं?" मी गुडघा दाखवायचो. तू त्याला खोबरेल लावायचीस. कधी गोष्ट सांगायचीस, प्रभूची, पण अशी की जणू तो आपल्याच रस्त्यानं सेलूकडे निघालाय. कोणाची तरी पोरगी मरायला टेकली आहे, बाप रडून राहिलाय, सगळे घाईत आहेत, आणि वाटेत एक आजारी बाई त्याच्या कपड्याला हात लावते. तर हा थांबतो. गर्दीत उभा राहून विचारतो, कोण आहे. मी विचारायचो, "मंग त्या पोरीले उशीर नाई झाला?" तू म्हणायचीस, "झाला न. तरी पोचला थो."

पुढच्या पावसाळ्याआधी तू गेलीस. तापाचं निमित्त. ज्या वॉर्डात तू लोकांच्या चादरी बदलायचीस तिथल्याच एका चादरीवर. मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की मातीसुद्धा टाकायला पुढे झालो नाही, बाबांनी माझा हात धरून टाकवली. तेव्हापासून संध्याकाळी कोणी विचारलं नाही, आणि मी दिवस कुठेही टाकत गेलो.

आता तुला तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. ती हिंगणीची. कॉलेजला एका बसने येणं-जाणं, त्यातून झालं. ती हसताना ओढणीचं टोक दातात धरते. जास्त सांगत नाही, तू वर बसून लाजशील. तिच्या घरी कळलं, तिचं कॉलेज बंद झालं, आणि तिची जागा रिकामी दिसली की मला वर्गात बसवेना. एका सरांनी त्यावर काहीतरी टोमणा मारला, मी हॉल तिकीट त्यांच्यासमोर फाडलं आणि निघून आलो. दुसरं वर्षही पुरं नाही झालं. बाबा फक्त एवढं म्हणाले, "तुही माय असती त." वाक्य पुरं नाही केलं त्यांनी. होळीपासूनचे सगळे दिवस मी मोबाईलवर तिच्या नावासमोर हिरवा ठिपका लागतो का ते बघण्यात घालवले. पावसाळ्यात तिचा एकच मेसेज आला. "माझ्यासाठी थांबू नको. येऊ पण नको." मला तो तिच्या भावाने लिहिल्यासारखा वाटायचा. तिचं दुसऱ्या मुलाशी साक्षगंध शनिवारी ठरल्याचं कळलं, तेव्हा मी ठरवलं की मांडवात जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. पुढे काय, ते ठरवलं नव्हतं.

आणि नेमकं सिस्टरबाई म्हणाल्या, "शनवारी येजो."

"शनवारी मले काम हाय."

"कोनाच्या मरनाचं हाय काय?"

"नाई."

"मंग येजो. बापाचा ऑटो घेऊन येजो, माहे गुडघे बसले."

मी विचारलं, काय करायचंय, धुणं, भांडी, छत झाडणं? त्यांनी मला खुर्ची ओढायला लावली आणि सांगितलं. लिलावात तू ठेवलेला शेवटचा दिवस त्यांनी घेतला होता, ते मला माहीत होतं. तू कामाचं विचारायला गेलीस तर त्या म्हणाल्या होत्या, काम नको, मला बोर धरणाचं पाणी पाहायचं आहे. जन्मभर दवाखान्यात पट्ट्या बदलल्या, शांत बसून पाणी पाहिलं नाही. एकटीला जावंसं वाटत नाही, तू सोबत बस. तू हसलीस म्हणे, "बाई, हे काई काम हाय काय?" आणि मग तुमचं ठरत गेलं आणि मोडत गेलं. कधी तुझी ड्युटी बदलली, कधी त्यांच्याकडे पाहुणे आले. "आमी दोघी बी रोज मरन पाह्यत होतो," सिस्टरबाई म्हणाल्या, "तरी आमाले वाटे, पानी कुठी पळून जाते." त्यांच्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू पिकलाय. दुसरा आहे तोवर जाऊ म्हणतात.

मी हो म्हणालो नाही. घरी आलो तर बाबांना त्यांनी आधीच फोन केलेला. बाबा म्हणाले, "गाडी घेऊन जा. एक दिवस धंदा बुडला त बुडला." तेव्हापासून आठवडाभर मला झोपेत, जागेपणी, धामच्या काठावर बसलो तरी तुम्ही दोघी दिसता. पाण्यात पाय सोडून बसलेल्या. तुझ्या हातात ड्युटीचा डबा आहे, तो तू उघडत नाहीस. पलीकडे जंगल पाण्यात उलटं पडलंय. सिस्टरबाईंचे केस काळे आहेत. तुम्ही काही बोलत नाही, आणि तरी मला ऐकू येतं की मलाच विचारताय. मी दर वेळी काठापर्यंत येतो आणि माझा पाय चपलेत अडकतो.

बोरला जायचा रस्ता हिंगणीतून जातो, आई. हे तुला माहीत आहेच. सिस्टरबाईंना मी सांगितलं नाही, बाबांनाही नाही. आज शनिवार, सकाळीच तिच्या दारी मांडवाचं कापड लागलं असेल, लाऊडस्पीकर सुरू असेल, आणि त्याच रस्त्याने मला एका म्हातारीला मागे बसवून हळू गाडी काढायची आहे, कारण खड्ड्यांनी तिचे गुडघे दुखतात. परवा रात्री मी तिचा पावसाळ्यातला तो मेसेज पुन्हा वाचला. भावाचा नाही तो. तिच्या भावाला 'थांबू' नीट लिहिता येत नाही, 'थाम्बू' लिहितो. मला पावसाळ्यापासून कळत होतं, मानायचं नव्हतं. तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि तेवढंच मी दिलं नाही. तरी आजही वाटतं, सिस्टरबाईंना पाण्याजवळ बसवून मागे फिरावं. एक तास. कोणाला कळणार आहे. पण दिवस तुझा आहे, माझा नाही, आणि त्यातला तास मी कसा चोरू?

हे कागद कब्रस्तानात नेऊन तुझ्या दगडाखाली ठेवणार होतो. मग वाटलं, दवाने शाई पसरेल, आणि तसंही तुला बातमी मिळालेलीच असेल. तुझ्या पोळपाटाखाली ठेवतो. बाबा भाकरी थापत नाहीत, विकतच्या पोळ्या आणतात, त्यांना सापडायचे नाहीत. डब्यात मी झुणका केलाय, जरा खारट झालाय. पाण्याची कॅन भरली. ऑटोच्या मागच्या सीटवर तुझी वाकळ घडी करून टाकली, बाईंना बसायला. सिस्टरबाई तयार होऊन दारात बसल्या असतील. रात्री उंबऱ्यात बसेन तेव्हा विचार, कोनाले देल्ला म्हणून.

एक सांगायचं राहिलं. मी आज निळा शर्ट घातलाय. तिला आवडायचा तो. काढून पाहिला, पुन्हा घातला.

बाबांना उठवत नाही. चप्पल घालतो, दार ओढून घेतो.