उरलेल्या गोळ्यांचा डबा

धाकटे,
आशीर्वाद घे आणि आधी खाली बस.

मी बरी आहे, म्हणजे उठून बसते. ज्या वॉर्डात फरशी पुसते, तिथेच पंधरा दिवस खाटेवर आहे. लघवीला जळजळ होऊन चढलेला ताप कुठल्याच गोळीने उतरेना.

डॉक्टरीण म्हणाली, “मावशी, पोट बिघडलं की तुम्ही दोन गोळ्या खायचात, बरं वाटलं की बंद! आतड्यातले जंतू औषधाला सरावले, तेच आता लघवीत उतरलेत.”

मी शाळेत गेले नाही, हे मेले पोटात बसून शिकले.

पेशंटच्या उरलेल्या गोळ्या मीच डब्यात गोळा करून तुला पाठवल्या. तो डबा आजच दवाखान्यात देऊन टाक.

तुझ्या छोटीला जुलाब झाले की त्यातल्याच देतेस ना? किती दिल्यास, खरं लिही. रागावणार नाही. रागवायला मला तोंड कुठे उरलंय?

तुझी शहाणी ताई