जनरलच्या तिकिटावर पाहिलेला मुलगा

दतिया गेट, झाशी
दि. १४ डिसेंबर १९८३

तीर्थस्वरूप सौ. अक्का,

साष्टांग नमस्कार. (कमरेत चमक भरल्यापासून माझा साष्टांग पाच अंगांतच आटोपतो, उरलेली तीन तू मनाने धरून घे.) भाऊजींच्या गुडघ्याला आराम पडला असेलच. नसला तर त्यांना म्हणावं, एरंडाचं पान तव्यावर शेकून बांधा आणि जिना चढू नका. चढलातच तर निदान उतरू नका, वरच जेवायला मागवा. इकडे आम्ही सगळे ठीक. सरलाचा खोकला गेला, थंडी चांगली पडली आहे, आणि सकाळी उन्हात बसून मटार सोलण्याचं काम पेन्शनीत निघालेल्या माणसाला घरोघर मिळतं तसं मलाही मिळालं आहे.

तुझी दोन पत्रं आणि पाठोपाठ एक कार्ड आलं. कार्डावर एवढंच की, "मुलगा पाहिलात की नाही ते एका शब्दात कळवा, मोघे मंडळी विचारताहेत." अक्का, एका शब्दात मावण्यासारखं असतं तर मी कार्डाचे पैसे वाचवून कुणा ग्वाल्हेरला जाणाऱ्याकडून निरोपच धाडला असता. पाहिला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही अर्धवट खोटं. म्हणून हे लांबण लावतो आहे. चष्मा पुसून घे आणि सावकाश वाच.

आपल्या इंदूचं तुला सगळं ठाऊक आहेच. आजवर दोन ठिकाणची मंडळी येऊन तिला पाहून गेली, दोघांनीही "कळवतो" म्हटलं आणि दोघांनीही कळवलं नाही. (पोहे मात्र दोन्ही वेळा पातेलं खरवडून संपवले.) त्यानंतर एक दिवस ती मला म्हणाली, की त्यातल्या पहिल्या मुलाचे तिला फक्त मोजे आठवतात, आणि दुसऱ्याचे पायाचे अंगठे, कारण तो चपला घालून आला होता. मान खाली घालून बसलेल्या मुलीला दुसरं दिसणार काय? म्हणून तू मोघ्यांच्या विद्याधरचं स्थळ सुचवलंस तेव्हा तिने साफ सांगितलं, "बाबा, या वेळेला मी पाहणार. मला कोणी देखायचं नाही." (तिचं मराठी हे असं. शाळेत दिवसभर पोरांना हिंदीत शिकवून घरी येते, त्याला इलाज नाही.) मी अर्धा तास रागावलो. मग सरलाने चहा दिला, आणि चहा पिता पिता मला ते पटलं. खरंच सांगतो, पटलं. चोवीस वर्षांची पोर, तिला एक माणूस धडपणे बघू द्या म्हणते, यात चुकलं कुठे?

आणि योग बघ कसा! मुलगा बँकेत नोकरीला असून सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवतो असं तूच लिहिलं होतंस, आणि तोच ऑर्केस्ट्रा गेल्या रविवारी इथल्या स्टेडियमवर येणार असल्याचे कागद बड़ा बाज़ारात भिंतीभिंतीवर चिकटले. स्टेजवरच्या माणसाला हजारो लोक पाहतात, त्यात आपण तिघं. कोणाला पत्ता लागणार? तिकिटं तीन तऱ्हेची होती. पुढे सोफे, ते साहेबलोकांचे. मग खुर्च्या. आणि त्यामागे बांबू बांधून मोकळं सोडलेलं मैदान, ते जनरल, म्हणजे जो आधी येईल त्याची जागा. मी जनरल घेतलं. सरला म्हणते कंजूषपणा केला. तसं अजिबात नाही. खुर्च्यांवर उजेड पडतो, आणि तिथून मुलाने आम्हाला ओळखलं असतं तर? (तो आम्हाला कधी भेटलेला नाही हे सरलाने लगेच काढलं. ती असलं काही काढायला टपलेलीच असते.)

आमच्या वरच्या मजल्यावर सुभेदार शिवाजीराव राहतात. साताऱ्याकडचे, नेमणूक बबीन्याच्या छावणीत, रविवारी घरी असतात. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी कोळशाने आमच्या अंगणात स्टेडियमचा नकाशाच काढला. मधोमध नको, तिथे माइकवाल्याचा मंडप असतो. फाटकाजवळ नको, येणारे जाणारे धक्के मारतात. अकॉर्डियनवाला नेहमी डाव्या अंगाला बसतो, तेव्हा डावीकडे बांबूला चिकटून उभं राहायचं, आणि वारा पाठीमागून पाहिजे. (वाऱ्याचं काय काम ते मी विचारलं नाही. लष्करातला माणूस, उगाच बोलणार नाही.) शेवटी म्हणाले, "एकदा जागा धरली की हलायचं नाही साहेब. जेवण तिथंच, चहा तिथंच." मी हो म्हटलं. आणि अक्का, इथेच मी माती खाल्ली.

माझी चूक तुला लगेच कळेल, कारण तूही याच गावच्या गणपतीत वाढलीस. आपल्या मंडळींत कीर्तन रात्रीचं असलं तरी सतरंज्या दुपारीच पडतात. कोपऱ्यावर घरचं आडनाव लाल दोऱ्याने विणलेलं असतं. माणसं सतरंजी टाकून घरी जातात, जेवतात, वामकुक्षी घेतात आणि कीर्तनकार उभे राहिले की येऊन आपापल्या नावावर बसतात. कधी तंटा नाही. हरिभाऊंची सतरंजी तर ते वारल्यानंतरही वर्षभर पहिल्या रांगेत पडत होती, आणि दाटीवाटीतही तिच्यावर कोणी पाय ठेवला नाही. साठ वर्षं मी हेच पाहिलं. जगात सगळीकडे असंच असतं अशी माझी समजूत होती.

तेव्हा मी दुपारी दोन वाजता स्टेडियमवर गेलो, डाव्या अंगाला अगदी बांबूला लावून आपली मोठी सतरंजी अंथरली, "कानिटकर" हे नाव सगळ्यांना वाचता येईल असा कोपरा वळवला आणि निश्चिंत मनाने घरी येऊन थालीपीठ खाल्लं. पाचला तिघं पोहोचलो. सतरंजीवर बावीस माणसं बसली होती! बायका, पोरं, म्हातारे, मधोमध डबे उघडलेले. चपला मात्र सगळ्यांनी बाहेर ओळीने काढून ठेवल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. बरुआसागरची मंडळी, आल्याची शेती करणारी, बसने आलेली. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांच्यातले वडीलधारे, ज्यांना सगळे कक्का म्हणत होते, तेच मला म्हणाले, "काए पंडज्जी, ठाड़े काए हो? बैठो, बैठो. कानिटकर वारन की दरी आय, सबके लाने बिछी है." म्हणजे कानिटकर हे कुठलंसं टेंट हाउस आहे आणि त्यांनी पब्लिकसाठी बिछाईत केली आहे, अशी त्यांची खात्री. वर पुस्ती जोडली की टेंट हाउस फार चांगलं आहे, दरी धुतलेली आहे.

आता बोल, काय करायचं? मीच कानिटकर म्हणून सांगितलं असतं तर ती बावीस माणसं ओशाळून उठली असती, आणि उठून बसणार कुठे, तोवर सगळं मैदान भरलेलं. सरलाने मला कोपराने ढोसलं, इंदू पदर तोंडाला लावून हसत होती. कक्कांच्या बायकोने सरकून जागा दिली, आणि आम्ही आमच्याच सतरंजीच्या एका काठावर, पाहुण्यासारखे, आभार मानून बसलो. वर त्यांनी आम्हाला पेरू खायला दिले. अशा माणसांवर रागवायचं तरी कसं?

थोड्या वेळाने कक्की पाणी प्यायला निघाली, तिच्याबरोबर इंदूही गेली. अर्धा तास झाला तरी पत्ता नाही! माझा जीव खालीवर. एवढ्या भीडमध्ये तरणी पोर कुठे शोधायची? मी पोलिसाकडे जायला उठलो तेवढ्यात ती आली, पेरूची फोड तोंडात टाकली आणि सतरंजीवर बसली. कुठे होतीस म्हटलं तर म्हणे, "रांग होती."

सहाला कार्यक्रम सुरू झाला. अक्का, पहिलं गाणं लागलं मात्र, सगळं मैदान उभं राहिलं! आपल्याकडे माणसं आरतीशिवाय उभी राहत नाहीत, हे मी धरून चाललो होतो. आणि आपल्या घराण्यात उंची कशी ती तुला माहीतच आहे. मला समोर फक्त एक पिवळा साफा दिसत होता, सरलाला पाठ, इंदूला त्याच्याही खालचं काही. टाचा उंचावून पाहिल्या. कमरेने साथ दिली नाही. मग शेंगदाणेवाल्याच्या हातापाया पडून त्याचं लाकडी खोकं मिळवलं आणि इंदूला वर चढवली. ती नको नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. मागून लगेच "ए बहनजी, नीचे उतरो" सुरू झालं. मी त्या सगळ्यांना हात जोडून, वळून वळून, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, असं विनवत राहिलो. सगळा जन्म कचेरीत मान ताठ ठेवून काढला, ती मान त्या दिवशी पन्नास अनोळखी लोकांपुढे वाकवली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पण दिसलं काय? डाव्या अंगाला, बरोब्बर अकॉर्डियनवाल्याच्या पुढे, दोन पुरुष उंचीचा लाउडस्पीकरचा काळा भोंगा उभा केलेला! (शिवाजीरावांना हे सांगितलं तर म्हणाले, शत्रूने ऐनवेळी मोर्चा बदलला.) भोंग्याच्या कडेने एक कोपर तेवढं बाहेर येई आणि आत जाई. बाहेर येई, आत जाई. इंदूनंतर सरला चढली, मग मी चढलो. तिघांनीही तेच कोपर पाहिलं. सरलाचं मत असं पडलं की बाहीचं बटण लावलेलं आहे, तेव्हा मुलगा टापटिपीचा असावा. माझं मत, कोपर निर्व्यसनी वाटतं. साडेआठला कार्यक्रम संपला. बावीस माणसांनी सतरंजी झटकून, नीट घडी घालून माझ्याच हातात दिली आणि टेंट हाउसवाल्याला पोहोचवायला बजावलं.

परतताना टांग्यात इंदू काहीच बोलली नाही. अक्का, मला फार वाईट वाटलं. पोरीने आयुष्यात एक गोष्ट मागितली, ती काही सोन्याची बांगडी नव्हती, एक माणूस पाहायचा होता, आणि मी तिला कोपर दाखवून आणली. तेव्हापासून नीट झोप नाही. तर मुलगा पाहिला की नाही, याचं उत्तर हे असं आहे. यावरून हो किंवा नाही म्हणायला तिला सांगण्याची माझी हिंमत नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिळाची गजक पोहोचली, छान होती. (दोन डबे होते, सरलाला एकच माहीत आहे.)

तुझा धाकटा भाऊ,
यज्ञेश्वर

ता. क. : खरं काम राहिलंच. मोघ्यांकडून मुलाचा एक फोटो मागवून पाठवशील का? आम्हाला हवा असं म्हणू नकोस, तुलाच हवा म्हण. समोरून काढलेला असावा. आणि तोवर मंडळींना थोडं थोपवून धर.

ता. क. दुसरा : आत्या, मी इंदू. बाबांनी पाकीट चिकटवायला मला दिलं, मी पत्र वाचलं. फोटो नको मागवू. मी त्याला देखलं आहे. स्टेजच्या मागे हैंडपंप होता, तिथे बायकांची लाइन लागली होती, आणि एक जण सगळ्यांना पाणी काढून देत होता. अकॉर्डियन पाठीवर टांगलेलं. पडद्यातून कोणीतरी ओरडलं, "मोघे, जल्दी आओ," तर हा म्हणतो, "चार अम्मा बाकी हैं." मी मुद्दाम लाइनीत शेवटी गेले आणि सगळा वेळ त्याला पाहत राहिले. दात थोडे पुढे आहेत. मी ओंजळ धरली, त्याने पाणी घातलं, विचारलं, "और?" मी म्हटलं, "और." मग माझं पोट भरलं तरी मी पीत होते. मी कोण ते त्याला माहीत नाही, तू पण आत्ता सांगू नकोस. बाबांना त्याच दिवशी सांगणार होते, पण ते खोकं घेऊन इतके खुश होऊन आले की मी चढले. टांग्यात पण सांगता आलं नाही, मला लाज वाटत होती. माझा होकार कळव.

ता. क. तिसरा : पाकीट टपालात टाकायला निघालो तर चिकटवलेलंच नाही, म्हणून वरचं आत्ता वाचलं. सरलाला विचारलं तर म्हणते, "मला इंदूचा चेहरा पाहून त्याच रात्री कळलं होतं, मला वाटलं तुम्हालाही कळलं असेल." मला कसं कळणार? मी टांग्यात तिच्याकडे बघायचंसुद्धा टाळत होतो. इंदू आता चौक्यात चुलीपाशी गुणगुणते आहे आणि मी इथे डोळे पुसत बसलो आहे, काय झालं आहे मला कोण जाणे. अक्का, होकार कळव, आनंदाने कळव. फोटो मागवू नकोस. पण एखाद्या रविवारी त्याला काही निमित्ताने आमच्याकडे पाठव. मी काही विचारणार नाही, पगार नाही, पत्रिका नाही. नुसता समोर बसवीन. माझी पोर कोणाकडे चालली आहे, ते मला एकदा नीट दिसलं पाहिजे.