आणखी चार गावं

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. सोबतचा फोटोही मिळाला. आधी फोटोबद्दल बोलते, कारण माझा धंदा तोच आहे. कुणी काढला हो हा? उजेड सगळा पाठीमागून, चेहरा काळाठिक्कर, आणि शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात. पासपोर्टसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला मी असा फोटो दिला असता तर त्याने तो माझ्या तोंडावर फेकला असता. एवढे नावाजलेले फोटोग्राफर तुम्ही, स्वतःची वेळ आली तेव्हा धड एक खिडकी सापडू नये?

तुमचा स्टुडिओ चालू आहे. टाकून गेलात तो निळा पडदा कधीच विरला, पण लाकडी स्टूल तेच आहे, एका पायाने अजून लंगडतं. मान वर, खांदे सरळ, हसू नका, दिवसभर एवढंच बोलत असते मी. गावात मला फोटोवालीच म्हणतात. मधे एक जण लग्नाचं विचारायला आला होता, बरा होता. आईला एकटं टाकून येणार नाही म्हटल्यावर त्याने चहा संपवला आणि निघून गेला. हे मी तुम्हाला तेव्हा कळवलं होतं. उत्तर म्हणून तुम्ही तुमच्या त्या चार गावांपैकी तिसऱ्या गावातल्या न्हाव्याचा फोटो पाठवलात, मागे एक ओळसुद्धा न लिहिता.

आपल्या गावाच्या नावाची आणखी चार गावं या जगात आहेत, हे तुम्हाला कुठूनसं कळलं आणि तुम्ही झपाटल्यासारखे निघालात. पंधरवड्यात येतो म्हणाला होतात. मी दारात तुमची बॅग धरून उभी होते. सोडली की तुम्ही जाणार, एवढं मला कळत होतं. तुम्ही हसत हसत माझी बोटं एकेक करून सोडवलीत.

त्या चार गावांच्या फोटोंचं तुमचं पुस्तक मात्र देखणं झालंय, खोटं कशाला बोलू? नळावर भांडी घासणारी बाई, बाकावर पेंगणारा पोस्टमन, मुलीच्या केसांतला गुंता सोडवत बसलेला बाप. खाली नुसतं गावाचं नाव, प्रत्येक पानावर तेच. तो बापाचा फोटो फार गाजला म्हणे. त्या मुलीएवढीच होते मी तेव्हा. माझा गुंता आई सरळ कात्रीने कापून टाकायची, तिला कुठला वेळ! आणि आपल्या स्वतःच्या गावाचा पुस्तकात एकही फोटो नाही. ते माझ्या डोळ्यांतच आहे, असं प्रस्तावनेत लिहिलंत. डोळ्यांत कचरा जातो, बाबा.

आईचं विचारलंत. खाणंपिणं ठीक आहे, पण डोकं जागेवर नसतं. गॅस बंद केला का ते आठवत नाही. मी कोण ते सकाळी आठवतं, दुपारी नाही. गावाचं नाव मात्र बरोबर वाचते. त्यामुळे तुमचं पुस्तक म्हणजे तिला आपलीच गल्ली वाटते. नळावरची बाई तिची शेजारीण, पोस्टमन आळशी मेला. आणि दुसऱ्या गावातला तो पंक्चरवाला, बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसलेला, तो तिचा नवरा. झकास संसार चाललाय दोघांचा. जेवायला बसली की ते पान समोर उघडं लागतं. अहो, आधी हात धुऊन या, म्हणते त्याला, कारण त्याचे हात काळे आहेत. तो बिचारा सगळं ऐकून घेतो, उठून कुठे जात नाही. इतका धड माणूस तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलाय.

आता तुमच्या येण्याचं. गुडघे गेले, एका डोळ्याने दिसत नाही, घरीच येऊन राहीन म्हणतो, तिला आधी माझा फोटो दाखव म्हणजे ओळखेल, असं लिहिलंत. दाखवला. ती तुम्हाला पार विसरली, असं मला लिहिता आलं असतं. तुम्ही दोन दिवस हळहळला असता आणि सुटला असता. पण इतक्या स्वस्तात तुम्हाला सोडायची माझी तयारी नाही. तिने तुम्हाला ओळखलं, बाबा. बघताक्षणी ओळखलं, असल्या भिकार उजेडात. अगं, बटण बघ कसं लावलंय यांनी, म्हणाली, आणि नखाने फोटोतलं बटण सोडवायला लागली. मग माझ्याकडे वळून विचारलं, बाळे, कधी येतायत गं? दुपारची वेळ होती, तरी मी कोण ते तिला आठवत होतं. मी म्हटलं, छे, हा कुणी गिऱ्हाईक आहे, फोटो न्यायला आलाच नाही. ती फोटो सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली, ते मला येतं. मग पुस्तक उघडून पंक्चरवाला तिच्यासमोर ठेवला. ती खूप रडली, कशासाठी ते तिला सांगता येईना. संध्याकाळी जेवायच्या वेळी मात्र त्याला हात धुवायला सांगत होती.

तेव्हा येऊ नका. इथली जागा भरली आहे. तिकीट काढून ठेवलंच असेल तर वाया घालवू नका, याच नावाची आणखी चार गावं आहेत आणि ती तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. त्यातल्या कुठल्याही एका गावी उतरा. पाटीवर नाव हेच असेल.

नावापुरती तुमचीच,
फोटोवाली