तो लाथ मारतो तेव्हा

४ फेब्रुवारी
आज सासरी आले. अंजूर. मागे खाडी, पुढे गोदामांची रांग, मध्ये आमचं दोन मजली घर. वरची खोली आमची. खिडकीतून उरलीसुरली शेतं दिसतात. शार्दूल भिवंडीला शाळेत शिकवतो. माझ्या पुस्तकांसाठी त्याने कपाटाचे दोन कप्पे आधीच रिकामे करून ठेवले होते. सासूबाईंनी स्वतः जेवायला वाढलं. किती हसलो आम्ही तिघं!

२१ मे
दिवस गेलेत. शार्दूलने शेजारीपाजारी पेढे वाटले.

२ जुलै
डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्याआधी आईला फोनवर सांगितलं, म्हणून त्याने दंड पिरगळला, भिंतीवर ढकललं. सासूबाई हळद घेऊन आल्या. पोटाला नाही ना लागलं, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. मग झालं, म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

२३ ऑगस्ट
बाळाने पहिल्यांदा लाथ मारली. मला हसूच आलं. शार्दूल बघत होता. अगदी शांतपणे म्हणाला, "तो लाथ मारतो तेव्हा हसतेस. मी मारली की का रडतेस?"
मग मारली. कमरेत. हस म्हणाला.
मी हसले.

३० ऑगस्ट
उपकेंद्रात तपासणी. नर्स ललिताताईंनी पाठीवरचा वळ पाहिला. न्हाणीत घसरली, असं शार्दूलनेच सांगून टाकलं. तो गाडी काढायला गेला तशा ताई हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी एकटी ये. न्हाय आलीस तर मीच घरी येईन."

११ सप्टेंबर
फोन त्याच्याकडे. शाळेत जाताना बाहेरून कडी. ओरडलीस तर तुझ्या माहेरी, कोन गावाला जाऊन तुझ्या आईला बघतो, म्हणाला.
आता तो पोटाशी बोलतो. माझ्या चुका सांगतो बाळाला, एकेक. मग —

१७ सप्टेंबर
तपासणीची तारीख गेली. जाऊ दिलं नाही.
आज पोटावर. पोटावर मारलं त्याने.

१८ सप्टेंबर
सकाळपासून बाळ हललेलं नाही. दार बडवलं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, तो संध्याकाळी येईल, मग बघू.

दुपार. खाली आवाज — ललिताताई! सासूबाई सांगताहेत, रुचिरा माहेरी गेली.
ताई निघाल्या. अंगणात —
त्याने आईला काही केलं तर —
बाळ अजून —
खिडकी उघडली. ताई फाटकाशी आहेत. हाक मारते. ललि