बुडालेला आजा

अण्णा, मला आजाचं खरं नाव सांगा. इथं परदेशात, चोआ चू कांग भागात, आपल्याकडचे एक इंजिनिअर काका राहतात, ते त्यांच्या भाचीचं माझ्याशी जमवतायत. फोनकार्ड संपेपर्यंत बोलते ती, माझ्या वेल्डिंगच्या गप्पांना हसते. आता रविवारी काकांनी जेवायला बोलावलंय आणि आजाचं नाव विचारून ठेवलंय. आडनाव तर तुम्ही गावावरून लावलेलं, त्यावरून काही कळत नाही. पण तिच्या भावकीतला एक जण म्हशीमागे भीमेत बुडाला होता म्हणे; तोच आपला आजा असेल तर तिची नि आपली भावकी एक, म्हणजे विषयच संपला.

तुम्ही म्हणायचा, आजा म्हशीमागे भीमेत उतरला तो वर आलाच नाही. नदीचा मासा तुम्ही कधी तोंडाला लावला नाही. आत्या मात्र, मी लहान असताना एकदा, आपल्याच चुलीवर मासे तळतेय, मी ताटली घेऊन बसलोय, आणि ती म्हणते, बुडाला तो आमचा मामा, त्यानंच अण्णाला वाढवला. तुझा आजा खोकून मेला, वरच्या गावाला. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही खेकसलात, "मेलेल्यांची चौकशी कशाला? गप खा." आणि स्वतः ताटावरून उठून गेलात.

यार्डात एक तुर्की जहाज दुरुस्तीला आलंय. त्यावरच्या फिटरला मी चहा पिताना मोडक्या इंग्रजीत हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, त्यांच्या सुलतानांचा मूळ पुरुष उस्मान, त्याचा आजा सुलेमान शाह, टोळीचा नायक, तोही युफ्रेटिस नदी ओलांडताना बुडाला. कबरसुद्धा आहे. शेजारी त्यांचाच इलेक्ट्रिशियन होता, तो म्हणाला, तो सुलेमान दुसऱ्याच घराण्यातला, उस्मानच्या नाण्यावर आजाचं नाव गुंदुझ आल्प आहे. झालं, दोघं आपल्या भाषेत भांडत बसले, चहा गार. मी विचारलं, मग खरा कोण? फिटर म्हणाला, "राज्य तर चाललं ना, ब्रदर?"

एवढ्या सुलतानांना आजा धड ठाऊक नाही, तर मला कुठून असणार? पण त्यांना त्यापायी कुणी पोरगी नाकारली नसेल.

आत्याचंच काकांना सांगावं असं सारखं वाटतं. मग तुमचं ते टाकलेलं ताट आठवतं. मामासाठी कुणी जन्मभर मासा सोडतो का? वाढवलं असेल तर सोडतही असेल.

खरं सांगू अण्णा, मेल्यावर तुम्ही जिथं गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं. तुम्ही बुडालेलाच म्हणाला असता, तर?